डिमडीचा फैसला

आमच्या घरात पुस्तकं होती आणि वाचणारं कुणी नव्हतं. पत्र्याच्या दोन पेट्या. एक माझ्या बाच्या उशाला असायची, दुसरी चुलीपासून लांबच्या कोपऱ्यात, तिच्यावर माय भाकरीची टोपली ठेवायची. आत बोटभरसुद्धा जाड नसलेली पुस्तकं, लाल, निळ्या, पिवळ्या पुठ्ठ्याची, सगळी येशूची. पादरी साहेब तीन-चार महिन्यांतून एकदा यायचे. त्यांच्यासोबत गंगाखेडच्या स्टेशनावरून बैलगाडीत नवी पुस्तकं यायची, आणि बा ती सोनपेठच्या आणि आसपासच्या बाजारांत विकायचा, ज्याच्याकडं पैसा नसेल त्याला फुकट द्यायचा. बाला अक्षर येत नव्हतं. पण कुठल्या पुस्तकात काय आहे ते त्याला रंगावरून पाठ होतं. निळं म्हणजे हरवलेल्या मेंढराची गोष्ट, ते धनगराच्या हातात द्यायचं. लाल म्हणजे घर सोडून गेलेल्या पोराची गोष्ट, ते म्हाताऱ्याला. पिवळं दारूचं, ते कुणाला द्यायचं हे समोरच्याच्या तोंडाच्या वासावरून कळायचं. मी तिसरीपर्यंत शिकलो, तेवढ्यावर हे लिहायलोय. चुका असतील तर असू द्या. आमच्या घरात खरं वाचणारं माणूस पुढं आलं ते माझी बायको, रूथ. ती पाच महिन्यांमागं वारली. तिला दाखवल्याशिवाय मी आजवर एक कागद कुठं दिला नाही, रेशनचासुद्धा. हा पहिला.

सोनपेठात तेव्हा ख्रिस्ती घरं दोनच. एक आमचं, मांगवाड्याच्या कडेला, आणि एक दवाखान्यातल्या कंपौंडरचं. आमचा आजा हलगी वाजवायचा. लग्न असो, मयत असो, सरकारी दवंडी असो, सगळ्यांच्या पुढं आमचा आजा. बा ख्रिस्ती झाला तेव्हा त्यानं हलगी खुंटीला लावली ती कायमची, पण हात काही ऐकत नव्हता. मग त्यानं डिमडी केली. डिमडी म्हणजे हलगीची धाकटी बहीण समजा, एका हातात मावणारी, बकरीच्या कातड्यानं मढवलेली. बाजारात गोणपाट टाकून पुस्तकं मांडायची, डिमडीवर ठेका धरायचा आणि येशूचं गाणं म्हणायचं, स्वतःच जुळवलेलं. आवाज असा की मिरचीच्या ढिगापाशी उभा राहिलेला माणूस शिंक धरून ऐकायचा. मांगवाड्यातले जुने सोबती त्याला छेडायचे, "याकोबा, पयलं मढ्याम्होरं वाजवायचास, आता देवाम्होरं वाजवायलास. बरं कोन ऐकतंय?" बा म्हणायचा, "मढं कधी मान हलवत न्हाई. देवाचं अजून कळलं न्हाई, बघायलोय." त्याच्याजवळ जमीन नव्हती, बैल नव्हता, जातीनं दिलेलं काम त्यानंच सोडलेलं. आवाज तेवढा होता. त्या आवाजावर घर चालायचं आणि त्या आवाजामुळं पाटलाचा गडीसुद्धा त्याला अरे म्हणायच्या आधी एकदा थांबायचा.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. हलगीवाल्याच्या घरात पोराला चालता यायला लागलं की आधी काय शिकवतात, तर हलगी कुठं बंद करायची. मशिदीच्या अलीकडं एक लिंब होता, पलीकडं तेल्याच्या घाण्याचा मोडका दगड पडलेला होता. लिंबापासून दगडापर्यंत वाजवायचं नाही. नवरदेव घोड्यावर असो की पाटलाचं मढं तिरडीवर असो, लिंब आला की आजाचा हात आपोआप खाली यायचा, आणि दगड ओलांडला की पुन्हा सुरू. कुणी हुकूम काढला नव्हता, कुणी भांडलं नव्हतं. निजामाच्या आधीपासून असेल. पायालाच ठाऊक होतं. मशिदीचा बांगी चाचा, बांग देणारा म्हातारा, आजाला लांबून सलाम करायचा आणि आजा हलगी छातीशी धरून मान लववायचा. बाजाराच्या दिवशी बाची जागा त्या लिंबाखालीच, अलीकडच्या अंगाला असायची. सावली होती म्हणून. नमाजाची वेळ झाली की बा गाणं अर्ध्यात सोडायचा, डिमडी गोणपाटावर पालथी घालायचा, पाणी प्यायचा, आणि नमाज सुटल्यावर पुन्हा त्याच ओळीपासून. मला हे सगळं ठाऊक होतं. गावात कुणाला ठाऊक नसेल इतकं मला ठाऊक होतं.

मी सतरा-अठराचा होतो. दुपार कलली होती. चाचाची बांग झाली, बानं डिमडी पालथी घातली आणि तो पाठ वळवून एका म्हाताऱ्या धनगराशी मेंढराच्या रोगाबद्दल बोलत बसला. बांगडीवाल्याच्या पालापाशी कंपौंडरची बायको उभी होती आणि तिच्यासोबत तिची धाकटी बहीण. ही बहीण लांबच्या बोर्डिंगात शिकायची, पायात वहाणा, पाठीवर एकच लांब वेणी. मी तिला आधी आमच्या देवळात, म्हणजे चर्चात, एकदा पाहिलं होतं, पाठीमागून. ती बहिणीला म्हणाली, अगदी मला ऐकू येईल असं, "हे लोक वाजवत न्हाईत का, नुसतेच बसतात?" बास. मी डिमडी उचलली. माणसाला वेड लागतं तेव्हा कसं लागतं हे मला तेवढं एकदाच कळलं. मी हळू वाजवली नाही. आजाच्या लग्नाच्या ठेक्यात वाजवली, पाची बोटांनी, पुरती खणखणीत. आत नमाजाची सफ, रांग, लागलेली, बाहेर मी वाजवायलोय आणि तिच्याकडं बघायलोय. ती हसली नाही. तिनं तोंडावर हात ठेवला. तेवढ्यात बानं मागून डिमडी अशी हिसकली की माझ्या अंगठ्याचं नख निम्मं गेलं.

नमाज झाल्यावर चाचा बाहेर आला. बा डिमडी हातात धरून उभा. चाचा चिडला नाही, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. तो म्हणाला, "याकूब, तेरे कू भी मालूम नै क्या?" बा म्हणाला, "चुकलं चाचा." चाचानं माझ्याकडं बघितलं, बाच्या हातातल्या डिमडीकडं बघितलं, आणि आत गेला. मला वाटलं मिटलं. तिसऱ्या दिवशी अमीन साहेबाचे, म्हणजे निजामाच्या फौजदाराचे, दोन शिपाई घरी आले. कुणीतरी अर्जी केली होती की याकूब किरिस्तान सरकारच्या इजाजतीशिवाय धरमाची किताबं वाटतो आणि मशिदीपुढं बाजा वाजवतो. अर्जी कुणी केली ते आजपर्यंत कळलं नाही. चाचानं नाही, त्याला सही येत नव्हती. कुणी म्हणालं शाळेचा उर्दू मास्तर, कुणी म्हणालं पाटील, कारण बानं वेठीची दवंडी द्यायला नकार दिला होता. मी म्हातारा होईपर्यंत दोघांवर आलटूनपालटून राग धरला. दोघंही कधीच मेले.

शिपायांनी दोन्ही पेट्या उचलल्या, मायची भाकरीची टोपली खाली ठेवून. डिमडी नेली. बाला नेलं. हवालात अमीनाच्या कचेरीमागं होती, तिथं माय रोज डबा न्यायची, ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, कधी हुलग्याचं माडगं. पेट्या गेल्यावर घर एकदम मोठं दिसायला लागलं. घरात आवाज नव्हता. बा उठल्या-उठल्या गुणगुणायचा, तर ते नाही. आम्हाला चुलीत काटकी मोडल्याचा आवाज ऐकू यायचा. दुसऱ्या दिवशी मी मायला म्हणालो, "माय, डिमडी मी वाजवली व्हती."

माय भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. "म्हाईत हाय. इथवर ऐकू आलं. तुझ्या आजाचा ठेका त्यो. तुझा बा आसा कधी वाजवतो का?"

"मग मी जातो अमीनाकडं, सांगतो."

"जा की. मग मला एकाच्या जागी दोन डबे न्यावं लागतील." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "आन शाना हो, पान्याचा हात लाव तिला."

मी भाकरीला पाण्याचा हात लावला. गेलो नाही. मायनं अडवलं म्हणून गेलो नाही असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. तिनं अडवलं नव्हतं.

पादरी साहेबांनी परभणीला एक वकील दिला. काळा कोट, पान खाऊन लाल झालेले दात, मराठी बोलायचे आणि उर्दू लिहायचे. त्यांनी बाला जामिनावर सोडवलं. आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो तेव्हा ते बाला म्हणाले, "हे बघा याकोबा, डिमडीचं विसरा. ते किरकोळ आहे. तुमचा मुकदमा मोठा आहे. लहान धर्माच्या माणसाला आपल्या धर्माचं पुस्तक भर बाजारात लोकांना देता येतं का, हा सवाल आहे."

बा म्हणाला, "देता येतं की साहेब. इतकी वरसं देयालोय."

वकील साहेबांनी कपाळाला हात लावला. "तेच तर अदालतीला ठरवायचंय."

"मी दिलेलं अदालतीला म्हाईत न्हाई व्हय?"

बा चेष्टा करत नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. घडून गेलेली गोष्ट घडू शकते का याचा फैसला कुणी कसा करतो? मलाही कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझं तिकडं लक्षच नव्हतं. ज्याला वकील किरकोळ म्हणत होते तेवढंच माझ्या डोक्यात वाजत होतं.

तारखा पडत गेल्या. सोनपेठाहून गंगाखेडपर्यंत पायी, पुढं रेल्वे, गोदावरीचा पूल आला की बा डोळे मिटायचा. माय धपाटे बांधून द्यायची, लसणाची चटणी घालून. ते आम्ही अदालतीपुढच्या चिंचेखाली खायचो. आत सगळं उर्दूत चालायचं. आम्हाला उर्दू बोललेली कळायची, पण अदालतीची उर्दू वेगळी, तिच्यात आमच्या ओळखीचे शब्दसुद्धा फेटा बांधून यायचे. शेवटी बाची जबानी आली. पेशकार, म्हणजे मुन्सिफाचा, न्यायाधीशाचा, कारकून, त्यानं नाव विचारलं. याकूब असं लिहून तो म्हणाला, "मुसलमान?" बा म्हणाला, "न्हाई हुजूर, येशूचा." मग शपथ कशावर घ्यायची याचा घोळ झाला. टेबलावर कापडात बांधलेलं कुराण होतं, गंगाजळाचं तांब्याचं झारीसारखं भांडं होतं. आमचं काही नव्हतं. मुन्सिफ साहेब वयस्कर होते. ते हसले आणि जप्तीच्या गठ्ठ्याकडं बोट दाखवून म्हणाले, "इसी की किताब पे ले लो, इत्ती तो पड़ी हैं." पेशकारानं गठ्ठ्याची दोरी सोडली आणि वरचं पुस्तक काढून बापुढं ठेवलं. लाल होतं. बानं त्याच्याकडं बघितलं. दोन्ही हात धोतराला पुसले आणि त्याच्यावर ठेवले. खरं सांगेन, खोटं सांगणार नाही, असं पेशकारामागं म्हणाला.

पुस्तकांचे सवाल झाले. कोण देतं, जबरदस्ती करतो का, पैशाची लालूच दाखवतो का, दुसऱ्याच्या धर्माला नाव ठेवतो का. बानं सरळ उत्तरं दिली. मग सरकारी वकील म्हणाले, "मस्जिद के सामने बाजा कौन बजाया?"

"म्या."

"नमाज का वक्त मालूम था?"

"व्हता."

"मालूम होते हुए?"

"आमची जातच वाजवनाराची, हुजूर. हात थांबला न्हाई."

मी दारात चपराशामागं उभा होतो. अंगठ्याचं नख अजून पुरतं आलेलं नव्हतं. माझं तोंड उघडलं होतं हे मला आठवतं, कारण चपराशानं मला विचारलं, "क्या है?" मी म्हणालो, "कुछ नै." बाचे दोन्ही हात अजून त्या लाल पुठ्ठ्यावर होते. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. आमच्या घरात खोटं बोललं की जेवण नव्हतं. लहानपणी एकदा शेंगा चोरून नाही म्हणालो होतो, तर बानं स्वतः दिवसभर पाणीसुद्धा घेतलं नाही, मला जेवायला घातलं आणि आपण उपाशी बसला. त्या माणसानं देवाच्या पुस्तकावर हात ठेवून हे केलं. मला राग आला. कुणाचा, ते सांगता येत नाही. त्याचाच आला असं वाटतं.

फैसला आला तो आम्ही उभं राहून ऐकला आणि काहीच कळलं नाही. बाहेर चिंचेखाली वकील साहेब बाचा हात हलवायला लागले, "जिंकलात!" त्यांचा कारकून म्हणाला, "ताकीद मिळाली, थोडक्यात सुटलात." सोनपेठचा शिपाई सोबत होता, तो म्हणाला, "याकूब, अब धंदा बंद." बा तिघांकडं आळीपाळीनं बघत होता. मग वकील साहेबांनी समजावून सांगितलं. जो माणूस मागेल त्याच्या हातात आपल्या धर्माचं पुस्तक देणं हा गुन्हा नाही, त्याला इजाजत लागत नाही. जप्त केलेली पुस्तकं परत. पण कुठल्याही धर्माच्या प्रार्थनेच्या जागेपासून शंभर पावलांच्या आत हाळी द्यायची नाही, गायचं नाही, वाजवायचं नाही. आणि डिमडी जप्त.

बानं विचार केला. "म्हंजी देयाचं."

"द्यायचं. मागितलं तर."

"आन न्हाई मागितलं तर?"

"तर नाही."

"आन मीच इचारलं, पायजे का म्हनून?"

वकील साहेब पान चघळायचे थांबले. "ते फैसल्यात नाही," ते म्हणाले.

त्यांच्या कारकुनानं मराठीत उतरवून दिलेला कागद घेऊन आम्ही घरी आलो. वाचायला कंपौंडरच्या घरी गेलो, तो बाहेर गेलेला, म्हणून त्याच्या मेव्हणीनं वाचला. तीच, वेणीवाली, रूथ. बानं तिच्याकडून तीनदा वाचून घेतला. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "काका, तुमी जिंकलात. तुमच्या नावानं आता कुनालाबी पुस्तक देता येतं, सगळ्या मुलखात." मग तिनं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. तिनं पाहिलं होतं ना, डिमडी कुणाच्या हातात होती ते. पुढं आमचं लग्न झालं, चार लेकरं झाली, आणि पन्नासच्या वर वर्षं आम्ही या एका गोष्टीवर भांडलो. ती म्हणायची जिंकलो. मी म्हणायचो हरलो. ती म्हणायची, कागद वाच. मी म्हणायचो, बाचा आवाज कुठाय सांग. ती गेल्यापासून कधी मला वाटतं तीच बरोबर होती, जिंकलोच होतो. आणि ते सांगायला मी स्वयंपाकघराकडं वळतो.

फैसला आल्यावर पहिल्या बाजाराला बा शंभर पावलं मोजायला निघाला. अमीनानं शिपाई सोबत दिला, म्हणजे नंतर वाद नको. मशिदीपासून शंभर पावलं मोजली तर मारुती आला. मारुतीपासून मोजली तर जैनांचं देऊळ. तिकडून उलटं निघालो तर पिराची चौथऱ्यावरची कबर, आणि तिथून पुढं दुसऱ्या एका लिंबाखाली शेंदूर फासलेला म्हसोबा. शिपाई म्हणाला म्हसोबा कशाला धरायचा, ते बिगर छपराचं आहे. बा म्हणाला, "देव हाय न्हवं? मग धरायचा." शिपायाचे पाय आखूड, बाचे लांब. शिपायाची शंभर संपायची तिथं बाची सत्तर व्हायची. बा म्हणायचा लांब ते खरं. सारा बाजार दुकानं सोडून बघत होता. भाजीवाल्या बाया मोजायला लागल्या, "एक्कावन्न, बावन्न, आवं याकोबा, त्या तुळशीलाबी नमस्कार करतो आमी, तिला मोजा!" बा खरंच थांबला. शिपायानं हात जोडले. दुसरा कुणी असता तर कुठंतरी बसून गेला असता, अमीनालाही एवढं नको होतं. पण आम्हाला पादरी साहेबांनी शिकवलेलं की सरकारचं ऐकायचं, आणि बानं ऐकायचं ठरवलं की तो सरकारपेक्षा जास्त ऐकायचा. शेवटी सगळ्या देवांपासून लांब अशी एकच जागा निघाली, ओढ्यापलीकडं मेंढरांच्या बाजारात, जिथं लेंडकांचा थर साचलेला असायचा.

तिथं बानं गोणपाट टाकलं. पुस्तकं मांडली. आणि गप्प बसला. हाळी नाही, गाणं नाही. मी म्हणालो, "बा, हितं तर बंदी न्हाई. हितं शंभर पावलांत काही न्हाई. गा की." त्यानं पुस्तकांवरची धूळ पुसली. एक धनगर आला, म्हणाला, "काय इकायलास?" बानं वर बघितलं, तोंड उघडलं आणि मिटलं. सांगितलं तर ती हाळी होते का, हे त्याला ठरवता येईना. धनगर मुका समजून निघून गेला. असा एक बाजार गेला. दुसरा गेला. एक पुस्तक गेलं नाही. मेंढरांनी दोन पिवळी खाल्ली.

तिसऱ्या बाजाराला बांगी चाचा आला. लेंडकांतून काठी टेकत, पायजमा वर धरून. तो गोणपाटापुढं उभा राहिला आणि मोठ्यानं, म्हणजे बांग देतो तसं, म्हणाला, "याकूब! एक किताब दे. मैं मांगता हूं. देखो रे सब, मैं मांगा." बानं निळं उचललं आणि दोन्ही हातांनी दिलं. चाचानं ते उलटं धरून बघितलं, काखेत मारलं. "पढना नै आता मेरे कू," तो बाला हळू म्हणाला, "लेकिन मांगा तो देना पड़ताय ना अब? सरकार का हुकुम है." आणि जाताना माझ्याकडं बघून म्हणाला, "नाखून आया क्या रे?"

मला जमिनीत जावंसं वाटलं. त्यालाही ठाऊक होतं.

त्याचं बघून लोकांना खेळ सापडला. "याकोबा, मी बी मागतो, दे!" "मला लाल दे, मागायलोय बरं का!" पोरं, बाप्ये, दारुडे सगळे. कुणी मिरच्या बांधायला नेलं, कुणी विडी शिलगवायला. दुपारपर्यंत गोणपाट रिकामं झालं. मला संताप आला. मी बाला म्हणालो, "चेष्टा करायलेत हे." बा म्हणाला, "मागितलं न्हवं? मग देयाचं." तो गोणपाट झटकायला लागला. माझ्याच्यानं राहवलं नाही. मी म्हणालो, "बा, डिमडी मी वाजवली व्हती."

तो झटकतच होता. "कुनी?"

"मी. तू धनगराशी बोलत व्हतास. मी वाजवली. तू हिसकून घेतलीस."

बानं गोणपाटाची घडी घातली, चार पदरी, नीट. मग माझ्याजवळ आला. मला वाटलं मारेल. त्यानं माझा अंगठा हातात घेतला, नखाकडं बघितलं आणि सोडला. "दाविदा, किताबावर हात ठिऊन सांगितलंय मी, म्या वाजवली म्हनून. आता तू म्हनतोस तू वाजवलीस. मग मी कोन झालो?"

मी अंगठा मुठीत लपवला.

"मला खोटं पाडू नको," तो म्हणाला. "कधीच पाडू नको."

मी म्हणालो, "न्हाई पाडत बा."

तो पुढं पुष्कळ वर्षं जगला. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, पुस्तकं कुठंही देता यायला लागली, लिंबाखाली कुणी अडवायला उरलं नाही, तरी बा गायला नाही. सरकार बदललं म्हणून त्यानं किताबावर घेतलेली शपथ बदलत नव्हती. अगदी शेवटी, मी पाय चेपत असताना, तो कुणा पाहुण्याला सांगत होता, त्या दिवशी माझा हात कसा थांबला नाही, लग्नाचा ठेका कसा आपोआप आला. इतकं बारीक सांगत होता की मी माझ्या अंगठ्याकडं बघितलं, खरंच मी वाजवली होती का म्हणून. चाचा गेला, माय गेली. रूथनं पाहिलं होतं. ती होती तोवर मला कुठं सांगायची गरज नव्हती, घरात दोघांना ठाऊक होतं आणि ते घराबाहेर जात नव्हतं. आता मी एकटा आहे. तसंच सोबत नेलं तर बाची शपथ खरी राहते, आणि लिहिलं तर बाप खोटा पडतो. चार दिवस मी पेन उचललं नाही. नातवानं विचारलं, आजोबा, अडलं का? म्हणालो, अडलं. मग आज सकाळी लिहिलं. माझ्या बापानं वाजवली नव्हती. बा, मी तुझं ऐकलं नाही.